केशरी घाम

जे. पी. नगर
१४ जानेवारी २०२५

चि. पुट्टी,

आज संक्रांत. तीळगूळ देऊन गोड बोला म्हणायचा दिवस, आणि तुझ्या या काकाला गोडच काय, कडूही बोलायची बंदी. गोदूअक्काने सकाळी एळ्ळु-बेल्लाची, तीळ-गुळाची वाटी माझ्यापुढे आदळली आणि म्हणाली, "घे, आणि बोलू नको." चौऱ्याहत्तर वर्षांत संक्रांतीला असा आशीर्वाद मला प्रथमच मिळाला.

तुला फोनवर अर्धंमुर्धं कळलं असेलच. दिवाळीपासून घसा बसला होता. बावन्न वर्षं सभा गाजवणारा घसा, बसला तर बसू दे, उठेल आपोआप, असं मी म्हणत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी नाकातून कॅमेऱ्याची नळी घातली आणि सांगितलं, क्षय. फुप्फुसात आहे आणि स्वरयंत्रावरही आहे. सहा महिने रोज गोळ्या. पहिले काही महिने संपूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने म्हणे जास्त ताण पडतो.

मी पाटीवर लिहून विचारलं, "आवाज परत येईल?" ते म्हणाले, "औषध नीट घेतलंत तर बहुतेक." पुट्टी, 'बहुतेक' हा शब्द मी आजवर एकाही भाषणात वापरलेला नाही. १८ मेला मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेचा समारोप आहे. एकतीस वर्षं तो मी करतो आहे. यंदाचा विषय मीच कळवला होता, 'मौनाविरुद्ध'. हसू नको.

भेटायला येऊ नकोस. एक तर आजार संसर्गाचा. दुसरं, अक्काचा हुकूम, थोरली बहीण ना. तिचं म्हणणं, "घरात श्रोता आला की ह्याचं तोंड उघडतं." मोबाइलवर अंगठ्याने लिहिणं मला जमत नाही. म्हणून हे पत्र. बेळ्ळंदूर इथून अठरा किलोमीटर, पण बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये माणसापेक्षा पाकीट लवकर पोचेल.

आणखी एक. दवाखान्यात एक फॉर्म पुढे आला, क्षयरोग्यांच्या रक्तातल्या पेशींचा अभ्यास. खाली तुझ्या प्रयोगशाळेचं नाव. मी सही ठोकली. नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, तो मलाही सांगत नाहीत, असं त्यांनी बजावलं. चांगलंच आहे. पण एवढं सांग, माझ्या आत लढतंय कोण? मी गप्प बसलो आहे, ते काय करताहेत?

तुझा
अण्णा


बेळ्ळंदूर
२२ जानेवारी २०२५

अण्णा,

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा अक्कांच्या वाक्याला हसले.

तुम्ही अभ्यासात आहात हे मी आमच्या प्रमुखांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, नंबरांची यादी दवाखान्यात कुलपात असते, तुला कळणार नाही, काम चालू ठेव. म्हणजे माझ्या टेबलावर येणाऱ्या नळ्यांत कधीतरी तुमचं रक्त असणार आणि मला ते ओळखता येणार नाही.

कोण लढतंय, विचारलंत. सांगते. मी हे रोज बघते आणि अजून सवय होत नाही.

लहानपणी आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी जोरात काम करत असते. ती शाळाच आहे. तिथे टी-पेशी शिकायला येतात. प्रत्येकीच्या अंगावर एक खाच असते, कुलपासारखी, आणि ती कशी असावी हे कुणी ठरवत नाही, निव्वळ योगायोगाने घडते. म्हणून कोट्यवधी पेशी आणि कोट्यवधी वेगवेगळ्या खाचा. मग परीक्षा. जी आपल्याच शरीरावर धावून जाईल ती नापास. जिला काहीच ओळखता येणार नाही तीही नापास. आणि नापास म्हणजे मरण. शंभरातल्या दोन-तीनच बाहेर पडतात.

आता हे ऐका. तुमच्या अंगात आज क्षयाच्या जंतूशी लढणाऱ्या पेशींच्या घराण्याची मूळ आजी त्या शाळेतून बाहेर पडली तेव्हा तुम्ही बहुधा चड्डीत होतात. त्या जंतूची आणि तिची गाठ पडली नव्हती. त्याचं नावगाव तिला ठाऊक नव्हतं. तरी त्याच्याच मापाची खाच अंगावर घेऊन ती रक्तात फिरत राहिली. तुम्ही शाळेत गेलात, तुरुंगात गेलात, सभा गाजवल्यात, आणि ती, तिच्या लेकी, तिच्या नाती गुपचूप वाट बघत होत्या. ज्या शत्रूला कधी पाहिलंच नाही त्याची.

माझं यंत्र रक्तातल्या पेशी एकामागून एक लेसरच्या किरणासमोरून सोडतं. सेकंदाला हजारो. पडद्यावर प्रत्येकीचा एक ठिपका उमटतो. ज्या लढतीत आहेत त्या पेटलेल्या दिसतात.

गोळ्या घ्या. बोलू नका.

तुमची
पुट्टी


जे. पी. नगर
९ फेब्रुवारी २०२५

चि. पुट्टी,

तुझं पत्र मी अक्काला वाचायला दिलं. तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे ह्याच्यात इतकी शहाणी माणसं राहतात आणि हा असा कसा?"

तीन रात्री माझ्या डोक्यातून ती पेशी गेली नाही. सत्तर वर्षं वाट बघणारी. मी आयुष्यभर व्यासपीठावरून निष्ठेवर बोललो, पुट्टी. निष्ठा मला माहीत होती असं वाटत होतं.

गोळ्यांनी पोट ढवळतं, जेवण जात नाही. आणि एक गंमत, माझा घाम केशरी झाला आहे. डॉक्टर म्हणाले, एका गोळीचा गुण आहे, लघवी, घाम, आसवं, सगळं रंगतं. तुला ठाऊकच आहे माझे तळहात कसे पाझरतात. व्यासपीठावर तो माझा जुना शत्रू. पांढरी धोतरं अक्काने कपाटात टाकली. हा कागदच बघ, खाली उजव्या कोपऱ्यात हात टेकला होता तिथे पिवळट डाग पडला असेल. सही म्हणून चालवून घे.

दवाखान्याच्या बाकावर एक मैत्रीण मिळाली. सकवारबाई. आनेकलहून बसने येते, दोन तास. घरात मराठी, बाहेर कन्नड, दोन्हींची खिचडी. कपड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. तिलाही क्षय, माझ्यापेक्षा दोन महिने जुनी रोगी, म्हणून मला ज्येष्ठतेने वागवते. माझी पाटी बघून म्हणाली, "अण्णा, शाळेत नाव घातलं काय?" मी लिहिलं, "बोलायला बंदी." ती म्हणाली, "बरं झालं. आमच्या सुपरवायझरला हा रोग कधी होणार?"

तुझ्या पेशींची गोष्ट मी तिला पाटीवर लिहून दाखवली. पाच वेळा पाटी पुसावी लागली. शेवटी ती स्वतःच्या दंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि आम्ही म्हणतो आमचं कुणी नाही."

बावन्न वर्षांत मला असा श्रोता मिळाला नव्हता. पुढचं लिही. ते लढतात कसे?

अण्णा


बेळ्ळंदूर
१९ मार्च २०२५

अण्णा,

उशीर झाला, माफ करा. नमुन्यांची रांग लागली होती. दिवसाला बारा-बारा तास यंत्रापुढे बसले. तुमच्या मार्चच्या भेटीचं रक्तही त्यात कुठेतरी असेल.

ते कसे लढतात, विचारलंत. जंतू फुप्फुसात शिरला की मोठ्या भक्षक पेशी त्याला गिळतात. पण हा जंतू गिळला तरी पचत नाही. पोटात जिवंत राहतो. मग त्या पेशी हाका घालतात आणि टी-पेशी धावत येतात. सगळ्या मिळून जंतूभोवती कडं करतात. एकमेकींना इतक्या चिकटतात की काही तर एकमेकींत विरघळून एक होतात. आतल्या मरतात, बाहेरच्या जागा सोडत नाहीत. काही माणसांत हे कडं जन्मभर टिकतं आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. तुमच्यात ते कुठेतरी फुटलं.

आता या महिन्यात मी जे पाहिलं ते. उपचार सुरू होण्याआधीच्या रक्तात क्षयाच्या पेशी पेटलेल्या असतात, पडद्यावर ठिणग्यांचा थवा. नुसता आरडाओरडा. आणि त्याच रोग्यांचं दोन महिन्यांनंतरचं रक्त लावलं, तर काळोख. पेशी तिथेच आहेत, पण शांत. एकामागून एक रोगी, तोच काळोख. अण्णा, अंगावर काटा आला. चार गोळ्या, आणि एवढं मोठं पेटलेलं सैन्य गप्प!

जास्त लिहायला वेळ नाही. उरलेलं पुढच्या वेळी समजावून सांगते.

पुट्टी


जे. पी. नगर
३० मार्च २०२५, पाडवा

चि. पुट्टी,

नव्या वर्षाचे आशीर्वाद. अक्काने कडुनिंब आणि गूळ हातावर ठेवला. यंदा गूळ जरा जास्त लागला. पोट ढवळणं थांबलं आहे, भूक लागते, काल पुरणाच्या दोन होळिगे खाल्ल्या.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला झोप नव्हती. मी आणीबाणीत चौदा महिने आत होतो, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. तेव्हा रेडिओवर रोज सांगत, शहर शांत आहे, देश शांत आहे. खरंच होतं. ओरडणारे आम्ही सगळे आत होतो. त्या दिवसांपासून मी एकच गोष्ट पन्नास वर्षं सांगत आलो, आपल्या माणसांना गप्प करून मिळालेली शांतता ही शांतता नव्हे, शत्रूची सोय आहे. सत्तर वर्षं जे माझ्यासाठी उभे राहिले, त्यांच्या तोंडात बोळा कोंबणं माझ्या हातून होणार नाही.

मी योग्य ती बाजू घेतली आहे. सविस्तर वेळ आली की सांगीन.

आणि कळव तुझ्या डॉक्टरांना, काल अंघोळीच्या वेळी मी हळूच 'अ' म्हणून पाहिला. उमटला! खरखरीत, पण उमटला. १८ मे मला दिसू लागला आहे.

शुक्रवारी दवाखान्यात गेलो होतो. सकवारबाईला माझे विचार पाटीवर सगळे लिहून दाखवले. तिने प्रत्येक पाटी दोनदा वाचली आणि म्हणाली, "सरी अण्णा." इतक्या लवकर माझं म्हणणं आजवर कुणाला पटलं नव्हतं. तिची पुढची रक्ताची तारीख हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी आहे. मारुतीरायाला नारळ बोलली आहे.

अण्णा


बेळ्ळंदूर
२६ एप्रिल २०२५

अण्णा,

आज शनिवार, मी गाडी काढून निघालेच होते. मग परत फिरले. समोर येऊन विचारलं तर तुम्ही भाषण कराल, आणि मी ते ऐकून घेईन, आणि तुमचा घसा जाईल. म्हणून लेखी विचारते आणि लेखी उत्तर हवं आहे.

गोळ्या घेताय का?

काल एक्केचाळीस क्रमांकाचा नमुना लावला. ११ एप्रिलला घेतलेलं रक्त. याच रोग्याचा जानेवारीचा नमुना अगदी शांत होता, मला आठवतो. काल पडद्यावर वणवा होता. सगळ्या पेशी पुन्हा पेटलेल्या. मी यंत्र धुतलं, पुन्हा लावलं, तेच. हे एकाच गोष्टीने होतं. जंतू पुन्हा वाढतो आहे, म्हणजे औषध थांबलं आहे. दवाखान्याला कळवलं. त्यांचं उत्तर आलं, रोगी म्हणतो सगळ्या गोळ्या घेतल्या, रिकामी पाकिटं आणून दाखवली.

तो नंबर कुणाचा, मला माहीत नाही. पण रात्री तुमची पत्रं काढून ओळीने मांडली. संक्रांतीच्या पत्रावर फिकट डाग आहे. फेब्रुवारीच्या पत्राच्या कोपऱ्यात तर पंजाच उमटला आहे. पाडव्याचं पत्र पांढरं आहे, अण्णा. मार्चअखेरच्या उकाड्यात लिहिलेलं, तुमच्या तळहातांनी, आणि शुभ्र पांढरं.

अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी मी स्वतः हातावर ठेवते." मी विचारलं, गिळताना बघता का? त्यांनी फोन ठेवून दिला.

पुट्टी


जे. पी. नगर
२८ एप्रिल २०२५

पुट्टी,

नाही घेत. २५ मार्चपासून. अक्का पाठ वळवी, मी गोळ्या चष्म्याच्या जुन्या डबीत टाकी. काल तिला डबी सापडली. डबी देवासमोर ठेवून बसून राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तूच लिहिलं होतंस, गोळ्यांनी सैन्य गप्प होतं. मी सैन्याची बाजू घेतली. त्यात चूक काय, ते अजूनही मला कळत नाही. समजावून सांग.

पण एक गोष्ट तपासून बघ. माझं रक्त ७ मार्चला घेतलं. तेव्हा मी गोळ्या घेत होतो. ११ एप्रिलला मी दवाखान्यात पाऊल टाकलेलं नाही. आणि माझं रक्त जानेवारीत शांत कसं असेल, माझं औषध जानेवारीतच तर सुरू झालं. एक्केचाळीस नंबर माझा नाही.

हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं आणि हात थांबला.

११ एप्रिल. यंदाची हनुमान जयंती १२ ची होती.

पुट्टी, तिने प्रत्येक पाटी दोनदा वाचली होती.

हे पत्र पार्सलवाल्या मुलीच्या हाती देतो आहे. ती थांबणार आहे. उत्तर तिच्याच हाती पाठव.

अण्णा


बेळ्ळंदूर
२८ एप्रिल, दुपार

अण्णा,

ती खाली स्कूटर लावून उभी आहे. घाईत लिहिते.

आधी माझी चूक. 'सैन्य गप्प' हे मी लिहिलं. टाळ्या घेण्यासाठी लिहिलं, तुमचीच पुतणी. आणि का गप्प होतं ते सांगायला वेळ नाही म्हणून मोकळी झाले.

आता नीट वाचा. गोळ्या पेशींना हातही लावत नाहीत. गोळ्या जंतूला मारतात. जंतू मेले की ओरडण्यासारखं काही उरत नाही, म्हणून पेशी शांत होतात. बोळा कुणी कोंबला नाही. त्या जिंकत आल्या आहेत.

दुसरं, जे तुम्हाला मी कधी सांगायला धजले नाही. तुमचा आवाज जंतूने खाल्ला असं तुम्हाला वाटतं. हा जंतू स्वतः फारसं काही जाळत नाही. जाळतात ते आपलेच लढवय्ये. महिनोन्‌महिने आवेशात राहिले की त्यांच्या रागाने आपलंच मांस झडतं. फुप्फुसातली पोकळी, स्वरयंत्रावरची जखम, हे बरंचसं त्यांचंच काम आहे. ओरडून ओरडून त्या पेशी शेवटी थकतातही. मग समोर जंतू असला तरी हात उचलत नाहीत.

आणि तिसरं. शांत झालेली पेशी शरण गेलेली नसते. थोड्या मागे राहतात, त्यांना सगळं आठवतं. वर्षानुवर्षं.

आज, आत्ता डॉक्टरांकडे जा. मध्येच सोडलेलं औषध मनाने पुन्हा सुरू करू नका, जंतू औषधाला दाद देतो का ते आधी तपासतील.

तुमच्या मनात कुणाचं नाव आलं ते मला लिहू नका. मला ते कळता कामा नये. पण ज्याने ते पाटीवर लिहिलं, त्यानेच पुसलं पाहिजे.

पुट्टी


जे. पी. नगर
६ मे २०२५

चि. पुट्टी,

डॉक्टरांनी झापलं. पाटीवर एक अक्षर लिहू दिलं नाही. थुंकीत जंतू सापडले नाहीत, आणि जे काही असतील ते औषधाला दाद देतील असं त्यांना वाटतं. गोळ्या नव्याने, मौन जुलैअखेर. १८ मेचं व्याख्यान मी सोडलं. मंडळाला कळवलं, विषय चुकीचा होता.

तू नको म्हणालीस, तरी पुढचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. रविवारी आनेकलला गेलो. बसने. तोंडावर मास्क, मांडीवर पाटी. अक्का बरोबर आली, माझ्यावर विश्वास नाही म्हणून.

सकवारबाई एका खोलीत राहते, पत्र्याचं छप्पर, दारात तुळस. मला बघून तिला इतका आनंद झाला की काय सांगू. "अण्णा, आमच्या घरात! अक्का, बसा, ताक घ्या." ती वाळली होती, पुट्टी. पाच आठवड्यांत गालाची हाडं वर आली होती. बोलताना दोनदा खोकली आणि पदराआड तोंड लपवलं.

मी पाटी काढली आणि लिहिलं, "गोळ्या पुन्हा सुरू करा." तिने वाचलं, हसली. "परीक्षा घेताय काय? तुम्हीच सांगितलं न्हवं, आपल्या लोकांना गप्प करायचं नाही. मी एकपण घेतली नाही. दवाखान्यात विचारत होते, मी पाकिटं फोडून गोळ्या मोरीत टाकल्या, रिकामी दाखवली."

मी पुसून लिहिलं, "ते चूक होतं." ती वाचून म्हणाली, "चूक कसं असंल? एवढा शिकलेला माणूस पाटीवर लिहितो, ते काय खोटं लिहितो? आता डॉक्टरांनी तुम्हाला भ्या घातलं. स्वल्प धीर धरा अण्णा, घाबरू नका." आणि माझाच हात थोपटला.

माझंच वाक्य मला ऐकवून ती मला धीर देत होती. मी खडू उचलला, ठेवला, उचलला. पाटीवरच्या अक्षराला पाटीवरचं अक्षर खोडू शकत नाही, हे मला त्या खोलीत कळलं. दोन्ही माझंच अक्षर. तिने कुठलं खरं धरायचं?

मी मास्क नीट केला आणि तोंड उघडलं. अक्का माझं पाळण्यातलं नाव घेऊन ओरडली, "हयवदना!" पण मी बोललो.

"मी चुकलो."

पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. चार महिन्यांतले पहिले शब्द. आणि बावन्न वर्षांत हे दोन शब्द मी कुठल्याही श्रोत्यापुढे उच्चारले नव्हते, ते याआधी कधी माझ्या घशातून गेलेच नव्हते. सकवारबाई दचकली. तिने माझा आवाज कधी ऐकला नव्हता. तिला कळलं, बंदी मोडून बोलतो आहे, म्हणजे काहीतरी मोठं आहे. ती खाली बसली आणि म्हणाली, "बोलू नका. लिवा. मी वाचते."

मग तुझं पत्र मी तिच्यापुढे ठेवलं. माझ्या शब्दांत नाही, तुझ्याच. तिने बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. शेवटच्या मुद्द्यापाशी थांबली. शांत झालेली पेशी शरण गेलेली नसते, इथे. मग म्हणाली,

"म्हणजे आमच्या चेकरसारखं."

मी पाटीवर प्रश्नचिन्ह काढलं.

"मी चेकर आहे न्हवं कारखान्यात. लाइनच्या शेवटी उभी. दिवसभर शर्ट समोरून जातात, मी गप्प. नवा सुपरवायझर आला तर म्हणतो, ही नुसती उभी राहून पगार घेते. पण उसवलेली शिलाई आली की हात वर. लाइन बंद. शिलाई बरोबर असली तर हात कशाला वर करू? अण्णा, गप्प उभी आहे ती झोपली असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

पुट्टी, मी 'मौनाविरुद्ध' म्हणून चाळीस पानं टिपणं काढली होती. आनेकलच्या पत्र्याखाली ती चार वाक्यांत संपली. मी उठून तिला नमस्कार केला. तिला वाटलं निघालो. म्हणाली, "ताक तरी प्या."

सोमवारी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. तिने सगळं खरं सांगितलं. गोळ्या माझ्या सांगण्यावरून सोडल्या, हे मात्र सांगितलं नाही. ते मी पाटीवर लिहून डॉक्टरांपुढे धरलं.

तपासणीचा निकाल आला की तिच्याही गोळ्या सुरू होतील. मग एक पुरावा पाठवीन. माझ्या पत्रांवर तू आता विश्वास ठेवू नयेस हेच बरं.

अण्णा


जे. पी. नगर
२३ मे २०२५

पुट्टी,

सोबत माझ्या पांढऱ्या रुमालाचे दोन तुकडे. एकाने मी आज दवाखान्याच्या बाकावर कपाळ पुसलं. दुसऱ्याने दोन तासांच्या बसनंतर कुणीतरी मान पुसली. कोण ते तुला कळता कामा नये.

दोन्ही केशरी आहेत.

अण्णा


बेळ्ळंदूर
१८ ऑगस्ट २०२५

अण्णा,

रुमालाचे तुकडे माझ्या टेबलावर काचेखाली आहेत. सहकारी विचारतात, देवळातून आणलेत का. मी हो म्हणते.

तुमचा फोन आला. तुमचा आवाज जुना नाही. अर्धाच आहे. पण त्या अर्ध्या आवाजात तुम्ही माझं नाव घेतलंत आणि पुढे थांबून विचारलंत, "तू कशी आहेस?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिलात. अण्णा, हे तुम्ही आधी कधी केलं नव्हतं.

आज एक्केचाळीस नंबर पुन्हा आला.

पडदा काळा होता. वणवा विझलेला, पेशी होत्या तिथेच, शांत. मी खूप वेळ बघत बसले. मग एक प्रयोग केला, आमच्या आराखड्यात तो होताच. त्याच रक्तात मेलेल्या जंतूचा एक कण टाकला, अगदी बारीक तुकडा, ज्याने काही इजा होणार नाही. नळी उबेत ठेवली आणि वाट पाहिली. सहा तास. बाहेर सरोवरावर संध्याकाळ झाली, खाली रिंग रोडवर गाड्यांची रांग लागली, मी जागची हलले नाही.

मग ते रक्त किरणासमोरून सोडलं.

आधी काही नाही. हजारो ठिपके सरळ निघून गेले, आपलं काम नाही म्हणून. आणि मग त्या काळोखात एक पेटली. तिच्यामागून दुसरी. मग थोड्या, मोजक्याच, ज्यांना तो जंतू आठवत होता तेवढ्याच. ओरडा नाही, वणवा नाही. शिलाई उसवलेली दिसली, आणि लाइनच्या शेवटी गप्प उभ्या असलेल्या त्या बायकांनी, एकीमागून एक, हात वर केला.

तुमची
पुट्टी